ऐबदार माल आणि आपला हक्क

कापडाच्या गाठी फोडायला दुकानात घडीचा चाकू लागतोच. मागे घेतलेल्या अशाच एका नव्या चाकूचा खटका नीट बसत नव्हता. सुतळी कापताना पाते अचानक मिटले आणि नोकराचे बोट कापले. विक्रेता म्हणाला, "कंपनीला विचारा." कंपनी म्हणाली, "दुकानदाराला विचारा." अशा वेळी आपले बहुतेक बांधव चाकू फेकून देतात आणि गप्प बसतात. हे बरोबर नाही.

प्रथम, चाकू स्वतः खोलून दुरुस्त करू नये. तसे केल्यास "तुम्हीच बिघडवला" असे म्हणायला कंपनी मोकळी होते. बिल, डबा व वॉरंटी कार्ड जपून ठेवावे, खटक्याचा फोटो काढावा. तक्रार लेखी करावी. त्यात खरेदीची तारीख, ऐब, आपली मागणी (बदली माल की पैसे परत) आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत लिहावी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. मी असे पत्र पाठवले, तेव्हा कुठे नवा चाकू आला.

उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास भरपाईही मागता येते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला हत्यार घेणारा कारीगर हा 'ग्राहक' आहे. पुन्हा विकण्यासाठी दोन डझन चाकू घेणारा दुकानदार नाही. त्याचा आधार १९३० चा माल विक्री कायदा. म्हणून माल येताच तपासावा व खोट दिसताच लेखी कळवावे. उशीर केल्यास माल स्वीकारला असे धरले जाते.

आणि आपण विक्रेते असू तेव्हा? शरीयतमध्ये ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा खरेदीदाराला हक्क आहे. त्यालाच खियार-ए-ऐब म्हणतात. हजरत पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहिला, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले होते. कंपनीकडून जो इन्साफ आपण मागतो, तोच आपल्या गिऱ्हाईकालाही मिळाला पाहिजे. बरकत त्यातच आहे.