चार वह्या, एक खिडकी

कापडाच्या दुकानदाराकडे आज निदान चार वह्या असतात. माल एकीत, उधारी दुसरीत, जीएसटीची बिले संगणकात आणि मोबाइलवरून आलेल्या पैशांची नोंद बँकेकडे. मुलगा संगणक शिकून आला की वडील हमखास म्हणतात, "हे सगळे एकत्र करून दे." मुलगाही उत्साहाने सर्व वह्या एकाच मोठ्या तक्त्यात ओततो. इथेच पहिली चूक होते.

मोहने ज्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते, तिचेच उदाहरण घ्या. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंद, परवाने ही खाती निरनिराळी. नागरिकाला टेबलाटेबलावर फिरावे लागू नये म्हणून या शतकाच्या आरंभी महापालिकेने नागरी सुविधा केंद्र सुरू केले. खिडकी एक, मागे दप्तरे अनेक. सेवाप्रधान सॉफ्टवेअरची कल्पना हीच आहे. प्रत्येक दप्तर आपली नोंद स्वतः सांभाळते. बाहेरच्याने थेट वहीत हात घालायचा नाही. ठरलेल्या नमुन्यात विचारायचे, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. उद्या उधारीची वही बदलली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

खरी मेहनत जोडणीत आहे. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. एकच माणूस घरपट्टीत 'शेख', गुमास्ता परवान्यात 'शैख' आणि बँकेत 'मो. शेख' असतो; 'मोहम्मद' किती प्रकारे लिहितात ते तर विचारूच नका. (गावाचे नावही कोणी मोहने लिहितो, कोणी मोहोने.) नावावरून जोडणी केली तर एका माणसाचे तीन होतात, किंवा दोन शेखांची उधारी एकाच्याच माथी बसते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला कायमचा क्रमांक द्यावा. जुन्या नोंदी जुळवताना नाव, मोबाइल, पत्ता यांपैकी निदान दोन गोष्टी जुळाव्यात. शंका असेल तिथे यंत्राने परस्पर निर्णय न घेता माणसाला विचारावे.

बिलांचेही तसेच. पुरवठादाराने भरलेले बिल २-बी पत्रकात दिसल्याशिवाय २०२२ पासून खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. आपल्या वहीत '१२' आणि पत्रकात 'ए/००१२' असेल तर कच्चे सॉफ्टवेअर असे बिल नाहीच म्हणून सांगते आणि दुकानदार हक्काच्या पैशावर पाणी सोडतो. अशा वेळी पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि रक्कम यांवरूनही ताळा पाहावा.

आणखी एक खोड. बँकेकडून उत्तर आले नाही तर काही प्रोग्रॅम सरळ शून्य दाखवतात, आणि ज्याने पैसे भरले त्यालाच तगादा जातो. तिथे 'उत्तर आले नाही' असे स्पष्ट दिसले पाहिजे. जमेची नोंद पुन्हा पाठवताना तोच पावती क्रमांक पाठवावा, म्हणजे एक रक्कम दोनदा धरली जात नाही.

शिकणाऱ्याने सुरुवात दोनच वह्यांनी करावी, उधारी आणि बँक. महिनाभर रोज रात्री जुन्या वहीशी ताळा पाहावा. वडिलांनीही तोवर हातची वही बंद करू नये.