स्थूल माणसाचे धावणे : प्रवाद आणि वस्तुस्थिती

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुणतांबा हे गाव ज्या चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले, त्या योगिराजांनी योगसामर्थ्याच्या बळावर चौदाशे वर्षे देह राखला अशी आख्यायिका असल्यामुळे, देह राखण्याच्या विद्येत या गावाला काही परंपरागत अधिकार आहे असे मानावयास हरकत नसावी. तथापि उसाच्या बागायतीने घरोघरी मोटारसायकल आणली आणि शेताच्या बांधापर्यंतही तीवरूनच जाण्याची वहिवाट पडली, तेव्हापासून येथील मध्यमवयीन गृहस्थाच्या देहाचा कल राहण्यापेक्षा वाढण्याकडेच अधिक दिसतो. असा गृहस्थ, डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा कागद पुढे करून वजन उतरवण्याचा हुकूम सोडल्यावर, एके दिवशी पहाटे बूट बांधून रस्त्यावर उतरतो. आणि त्याच्या प्रकृतीला जितका अपाय त्याच्या वजनापासून आहे, जवळजवळ तितकाच अपाय त्या रस्त्यावर भेटणाऱ्या सल्लागारांपासूनही संभवतो.

रस्त्यावर तो एकटा नसतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे त्या वेळी तेथे असतात. मैदानी चाचणीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर आणि स्त्री उमेदवाराला ८०० मीटर घड्याळाशी झुंजत धावावे लागत असल्यामुळे त्यांच्या धावण्याला पोटापाण्याची निकड असते, वय विशीचे असते आणि अंगावर फाजील मांस नसते. नव्वद किलो वजनाचा, पंचेचाळिशी गाठलेला, दिवसाचे दहा तास दुकानाच्या गादीवर बैठक असलेला आपला गृहस्थ, धावणे म्हणजे हेच असे समजून त्यांच्या मागे त्यांच्याच वेगाने निघतो. शंभर-दीडशे पावलांत त्याची छाती धपापू लागते, तोंडाला कोरड पडते, बरगडीखाली कळ येते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो विजेच्या खांबाशी उभा राहतो, आणि नेमका त्याच वेळी डेअरीवर दूध घालून परतणारा कोणी परिचित गाडी थांबवून म्हणतो, "शेठ, कशाला हा उपद्व्याप? या वजनात गुडघे जातील!"

गुडघ्यांचा हा प्रवाद सर्वांत जुना आणि सर्वांत आदरणीय असल्यामुळे त्याची कैफियत आधी ऐकून घेतली पाहिजे. धावण्याने गुडघा झिजतो या समजुतीच्या मुळाशी, सांध्यातील कूर्चा हे निर्जीव अस्तर असून वापराबरोबर ते कमी होत जाते, अशी कल्पना आहे. वस्तुतः कूर्चा ही सजीव असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यास सांध्यावर भार पडणे व उतरणे ही क्रिया साहाय्यभूत होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात, हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा वा खुब्याचा संधिवात आढळला, तर बैठ्या लोकांत हेच प्रमाण १०.२ टक्के निघाले. मात्र स्पर्धात्मक धावपटूंत ते १३.३ टक्के होते, हा भागही दडवून ठेवता कामा नये. शिवाय जे वर्षानुवर्षे धावतात ते बहुधा सडपातळ असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष नव्वद किलोच्या माणसाला जसाच्या तसा लागू करणे हा वकिली युक्तिवाद होईल. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट प्रतिक्रिया येते, आणि स्थूलता हे स्वतःच गुडघ्याच्या संधिवाताचे एक सुस्थापित कारण आहे. दुसऱ्या बाजूस, गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असे दिसले की वजन एक किलो उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. तेव्हा त्या दूधवाल्या परिचिताच्या इशाऱ्यात तथ्यांश आहे. चूक एवढीच की ज्या वजनाचा तो दाखला देतो, तेच वजन गुडघ्यांचे अधिक जुने वैरी आहे, आणि घरी बसून राहिल्याने ते वैर मिटत नाही.

खरा धोका दुसरीकडे असतो, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. व्यायाम सुरू करताच शरीरातील सगळी खाती एकाच गतीने कामाला लागत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या पंधरवड्यातच वाढू लागते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, स्नायू प्राणवायूचा विनियोग अधिक काटकसरीने करू लागतात, आणि सहा-आठ आठवड्यांत माणसाला वाटू लागते की आता आपला दम वाढला. हे वाटणे खोटे नसते. परंतु स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडर आणि प्रत्यक्ष हाडे यांचा कारभार संथ असतो. हाडाचा झिजलेला अंश काढून तेथे नवा भरण्याच्या एका फेऱ्यालाच तीन-चार महिन्यांची मुदत लागते. दम वाढलेला आणि हाड मात्र अद्याप जुनेच, अशा या मधल्या काळात माणूस उत्साहाच्या भरात अंतर दुप्पट करतो, आणि मग नडगीच्या आतल्या कडेला ठणका, टाचेच्या तळव्याला सकाळच्या पहिल्या पावलाची कळ किंवा घोट्यामागच्या कंडराला सूज घेऊन महिनाभर घरी बसतो. आमच्याकडचा शेतकरी नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही, मोकळे जू मानेवर ठेवून त्याला काही दिवस नुसते फिरवून आणतो. तोच शेतकरी स्वतः बूट घालून बाहेर पडला की हा व्यवहार का विसरतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

म्हणूनच "मध्ये चाललात तर ते धावणे कसले?" हा दुसरा प्रवाद पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. जोश क्लार्क नावाच्या एका अमेरिकनाने १९९६ साली, व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला नऊ आठवड्यांत ५ किलोमीटर धावण्यापर्यंत आणण्याची एक पद्धती आखली, आणि ती पुढे जगभर रूढ झाली. तिच्या पहिल्या आठवड्यात माणसाने पाच मिनिटे भरभर चालावे, नंतर ६० सेकंद धावावे, ९० सेकंद चालावे, असे आलटून पालटून वीस मिनिटे करावे. आणि हे आठवड्यातून फक्त तीन दिवस. हिशेब मांडला तर त्या वीस मिनिटांत प्रत्यक्ष धावणे आठ मिनिटांचे होते. ताशी सात किलोमीटरच्या रमतगमत वेगाने ते एक किलोमीटरही भरत नाही, आणि तीन दिवसांची बेरीज २.८ किलोमीटर होते. या बेरजेला महत्त्व आहे. कारण डेन्मार्कमधील संशोधकांनी नवशिक्या धावकांची जी पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, तीत पहिल्या आठवड्यात ३ किलोमीटरहून अधिक धावलेल्या स्थूल व्यक्तींना दुखापतीचा धोका अधिक असावा असे दिसून आले. नऊ आठवडे ही मुदतही ब्रह्मवाक्य समजू नये. नव्वद किलोच्या माणसाने एकेका आठवड्याचा पाठ दोनदा गिरवला, आणि त्याआधी महिनाभर नुसतेच चालण्यात घालवला, तर त्यात कमीपणा काही नाही.

वेग किती असावा, या प्रश्नाला घड्याळापेक्षा जिव्हा अधिक बरे उत्तर देते. धावता धावता सोबत्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे; शब्दागणिक श्वास तुटू लागला की वेग फाजील झाला असे समजावे, मग तो वेग पाहणाऱ्याला कितीही हास्यास्पद वाटो. एवढ्या मंद धावण्याचा उपयोग तो काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक दाखला आहे: अमेरिकेतील डॅलस येथे ५५,१३७ प्रौढांवर सरासरी पंधरा वर्षे नजर ठेवून केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला, आणि दिवसाला पाच-दहा मिनिटे, तीही मंद गतीने, धावणाऱ्यांच्या पदरातही या लाभाचा बराचसा वाटा पडला. जाड माणूस धावणाऱ्यांच्या जातीचाच नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेकडे पाहावे. बालपणी वाहनाअभावी काही मैलांवरच्या शाळेत पायी ये-जा करणाऱ्या या मुलाचे वजन सैन्यात गेल्यावर बरेच वाढले होते. ते उतरवून तो अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने मिळवले. अर्थात तो विशीतला शिपाई होता आणि आपला गृहस्थ पंचेचाळिशीतला दुकानदार आहे, याचे भान ठेवलेले बरे.

हृदयाविषयी दोन परस्परविरुद्ध प्रवाद एकाच गावात सुखाने नांदतात. एक पक्ष म्हणतो, धावताना माणूस पटकन जातो. दुसरा म्हणतो, धावणाऱ्याला हृदयविकार शिवत नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीच्या वेळी बंद पडले, म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक. यावरून पहिल्या पक्षाच्या भीतीचे माप कळते. दुसऱ्या पक्षाला जिम फिक्सची गोष्ट सांगावी. वयाच्या पस्तिशीत, सुमारे ९७ किलो वजन आणि दिवसाला दोन पाकिटे सिगारेट अशा अवस्थेत त्याने धावण्यास आरंभ केला, वजन उतरवले, तंबाखू सोडली, आणि १९७७ साली लिहिलेल्या पुस्तकाने लक्षावधी अमेरिकनांना धावावयास लावले. १९८४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धावतानाच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या आतून चोंदलेल्या आढळल्या. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी याच विकाराने गेले होते. धावण्याने आनुवंशिकतेचे फर्मान रद्द होत नाही. तेव्हा ज्याच्या घराण्यात अकाली हृदयविकार आहे, ज्याला जिना चढताना छातीत दडपण वाटते, ज्याचा रक्तदाब वा मधुमेह आटोक्यात नाही, त्याने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने खिशात ग्लुकोज वा साखर ठेवल्यावाचून बाहेर पडू नये.

आता वजनाचा जमाखर्च. धावण्याला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक कॅलरी खर्ची पडते. नव्वद किलोचा माणूस ३ किलोमीटर धावला तर २७० कॅलरी, म्हणजे स्टेशनाबाहेरचा जेमतेम एक वडापाव. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, यावरून तो वडापाव न खाता किती पहाटा खर्ची पडतील हे ज्याचे त्याने काढावे. धावून आल्यावर "आज धावलोय" या हक्काने दोन वडे मागणाऱ्याचे वजन वाढल्यास दोष रस्त्याचा नाही. घामाविषयीची समजूत तर याहून भोळी आहे: पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून धावणाऱ्याचे वजन काट्यावर उतरते ते पाण्याचे, आणि दोन तांब्यांत ते परत येते.

काट्याचा आकडाही सर्वस्वी प्रमाण नव्हे, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. दोघांचे ते छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. आपल्याकडचा सडपातळ दिसणारा माणूसही पोटाच्या आत चरबी बाळगून असू शकतो, आणि म्हणून भारतीय पुरुषाने ९० सेंटिमीटर व स्त्रीने ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा ध्यानी ठेवावी, असे तज्ज्ञ सांगतात. काटा हलला नाही तरी पट्ट्याचे एक भोक मागे गेले, तर काम चालू आहे असे समजावे.

स्त्रियांच्या वाटेत आणखी एक भिंत उभी आहे. धावल्याने "अंग बाहेर येते" ही. ही भीती केवळ आमच्या वाड्यांतली नव्हे: १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर स्त्रियांची ८०० मीटर शर्यत वगळली गेली ती १९६० साली परत आली, आणि त्यांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत झालीच नाही. निरोगी स्त्रीचे गर्भाशय धावण्याने ढळते, याला आधार नाही. बाळंतपणानंतर मात्र किमान बारा आठवडे थांबावे, आणि खोकताना लघवी सुटत असेल तर आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्यावा.

बारीकसारीक गोष्टींना फार जागा देण्याचे कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या आम्ल साचल्याने नव्हे, ते तर तासा-दोन तासांत निघून जाते. नव्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झालेली असते, ती आपोआप भरते. बूट महागच हवेत असे नाही, पण ते पायाला सुखाचे असावेत आणि पुढे अर्धे बोट जागा असावी. दिवसभरात पाऊल किंचित फुगत असल्यामुळे ते संध्याकाळी घ्यावेत. स्थूल माणसाच्या मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात, ही गोष्ट लाजेपोटी कोणी बोलत नाही, आणि कित्येकांचे धावणे गुडघ्यांपेक्षा या कारणानेच सुटते. निघताना तेथे व्हॅसलीन चोळावे आणि आत मांडीपर्यंत येणारी घट्ट चड्डी घालावी.

राहता राहिला रस्ता. मऊ माती पायांना नेहमीच हितकर असते हे मत काळ्या रानाला लागू नाही. पावसाळ्यात ती बुटाला शेर-शेर चिकटते, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा मुरगळण्यास एक पाऊल पुरे. कालव्याकडेची दाबून बसलेली मुरमाची वाट मिळाली तर उत्तम, नपेक्षा डांबरी रस्ता चालेल. आरंभ करावयास दिवाळीनंतरचा थंडीचा काळ सोयीचा. परंतु कारखान्यांचा गळीत हंगामही तेव्हाच ऐन भरात असतो आणि मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात जोडीजोडीने धावत असतात, म्हणून फिकट रंगाचे कपडे घालून, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे, आणि उजाडेपर्यंत चालण्याचाच पाठ उरकून घ्यावा.