विजेची मोटार व घरचा प्लग

विजेवर चालणाऱ्या मोटारी आतां आपल्या रस्त्यांवर नवलाईच्या राहिल्या नाहींत. विजेनें वाहन ओढावें ही कल्पनाहि आपल्या प्रांतास जुनीच आहे. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली, ती १९६४ सालीं बंद होईपर्यंत लोकांची ने-आण करीत होती. परंतु ट्रामला डोक्यावरच्या तारेंतून वीज अखंड मिळत असे. मोटारीला ती घरून शिदोरीसारखी बांधून न्यावी लागते. ही शिदोरी भरण्याचें जें हातांतून नेतां येण्याजोगें साधन, त्यास बाजारांत पोर्टेबल चार्जर म्हणतात. एका टोकास भिंतींत बसणारा प्लग, दुसऱ्या टोकास मोटारींत बसणारें तोंड, आणि मध्यें विटेएवढी एक पेटी, असें त्याचें रूप असतें.

ज्या कोणा परिचितानें अशी मोटार घेतली, तो आम्हांस एकच प्रश्न विचारतो : "चार्जर कोणता घ्यावा?" आम्ही उलट विचारतों, "आपल्या घरचें सॉकेट कसें आहे?" ह्यावर गृहस्थ थोडे नाराज होतात. मोटारीचे गुण सांगण्यास ते उत्सुक असतात. भिंतींतील तीन भोंकांविषयीं बोलणें त्यांस कमीपणाचें वाटतें. तथापि हें साधन निवडतांना मोटारीच्या आधीं भिंतीकडे पाहावें असें आमचें मत आहे, व तें कां, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यास आपण चार्जर म्हणतों, तो खरा चार्जर नव्हेच. घरांत येणारी वीज दर सेकंदास ५० वेळां मागेंपुढें हेलकावे घेत असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हा पालट करणारें यंत्र मोटारीच्या पोटांतच बसविलेलें असतें, आणि खरा चार्जर तो. मधल्या पेटीकडे देवडीवरच्या पहारेकऱ्याचें काम आहे. घरच्या विजेला जमिनीचा आधार, म्हणजे अर्थिंग, आहे कीं नाहीं, हें ती पाहते. जाणारी वीज व परत येणारी वीज सारखीच आहे कीं वाटेंत कोठें गळते आहे, ह्यावर ती नजर ठेवते, व सुमारें ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अवघा तेहतिसावा हिस्सा, गळूं लागला तर क्षणार्धांत प्रवाह तोडते. तिसरें काम सर्वांत चतुराईचें आहे. मोटारीकडील तोंडांत सात टोकें असतात, त्यांतील एका बारीक टोकावर ती पेटी सेकंदास १००० ठोके देत असते. प्रत्येक ठोक्याचा किती भाग वरच्या दाबाचा आहे, हें मोटार मोजते. एकदशांश भाग असेल तर अर्थ असा, कीं ६ अँपिअरांहून अधिक ओढूं नकोस. पाव भागाहून किंचित् अधिक असेल तर १६ अँपिअर. निम्म्याहून थोडा अधिक असेल तर ३२. मोटार ही आज्ञा निमूटपणें पाळते. परंतु पेटीनें आज्ञा काय द्यावी, हें कोणीं ठरवावयाचें? भिंतीमागील तार किती जाड व किती जुनी आहे, हें त्या पेटीस दिसत नाहीं. तें घरधन्यानेंच पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांत घरोघरीं दोन प्रकारचीं सॉकेटें असतात. लहान तें ६ अँपिअरांचें. त्यास जुने लोक अजून ५ अँपिअरांचें म्हणतात. मोठें तें १६ अँपिअरांचें, म्हणजेच बोलण्यांतील 'पॉवर प्लग'. दाब दोहोंकडे २३० व्होल्टच. दाबास प्रवाहानें गुणलें म्हणजे वॉट निघतात, हें शाळेंतील मुलगाहि सांगेल. लहान सॉकेटांतून ६ अँपिअरांनीं १३८० वॉट मिळतात, मोठ्यांतून १५ अँपिअरांनीं ३४५० वॉट. वीजबिलावरील ३० युनिटें मावतील अशी बॅटरी अगदीं रिकामी असली, तर ती भरण्यास पहिल्या वाटेनें एक दिवस व एक रात्र लागेल, दुसऱ्या वाटेनें नऊ ते दहा तास. हे आंकडे ऐकून मनुष्य साहजिकच मोठ्या चार्जरकडे धांवतो. त्यानें क्षणभर थांबून एवढें मनाशीं पाहावें, कीं आपण रोज फिरतों किती? दिवसास ४० किलोमीटर जाणाऱ्याच्या लहान मोटारीस सुमारें ६ युनिटें पुरतात. तीं १५ अँपिअरांनीं दोन तासांत येतील, १० अँपिअरांनीं तीन तासांत, आणि ६ अँपिअरांनीं पांचांच्या आंत. रात्र तर ह्याहून मोठी आहे. ज्यास दोन तासांची घाई नाहीं, त्यानें ती घाई तारांवर कां लादावी?

ह्यांतच सर्व मर्म आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जूल ह्यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा, कीं तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सॉकेटांतील पितळी पाकळ्या वापरानें सैल झाल्या व त्या जागीं ओहमचा अवघा दहावा भाग इतका विरोध उत्पन्न झाला, असें समजा. ६ अँपिअर वाहत असतां तेथें साडेतीन वॉटांच्या जवळपास उष्णता निघते. हात लावल्यास कोमट लागेल. १५ अँपिअर वाहूं लागले कीं तीच २२॥ वॉट होते, आणि ती सारी चिंचोक्याएवढ्या जागेंत. लहान डागणीचीं यंत्रें एवढ्याच वॉटांवर चालतात, हें ध्यानांत घ्यावें. इस्त्री किंवा पाणी तापविण्याचा गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, म्हणून सैल सॉकेटाचें पाप वर्षानुवर्षें झांकलें जातें. मोटार मात्र रात्रभर, घरचीं माणसें झोंपलेलीं असतां, तोच प्रवाह ओढीत राहते. दुःखाची गोष्ट ही, कीं अशा वेळीं एमसीबी, म्हणजे अधिक प्रवाह झाल्यास आपोआप पडणारी खटकी, कांहींच करीत नाहीं. प्रवाह ठरलेल्या मर्यादेंतच असतो. जळते ती जोडाची जागा.

तारेचेंहि तसेंच. मीटरपासून अंगणापर्यंत २० मीटर अंतर असेल व जुनी १॥ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल, तर १५ अँपिअरांस जातांयेतां शंभरावर वॉट भिंतींतच जिरतात. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घातली, तर चाळिसांच्या आसपास. म्हणून मोटारीसाठीं स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र खटकी व नवें १६ अँपिअरांचें सॉकेट, एवढें तरी करावेंच. आंखूड पडलें म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड जोडणें, ही तर उघड आत्मघाताची तयारी होय.

आतां साधनाची निवड. ज्याच्या पेटीवर प्रवाह कमीजास्त करण्याची सोय आहे, म्हणजे ६, ८, १०, १३, १६ अशा पायऱ्या आहेत, तेंच आम्ही पसंत करूं. आपल्या घरीं १५ अँपिअर नीट मिळत असतील. परंतु सोयऱ्यांच्या घरीं, धर्मशाळेंत किंवा गांवच्या वाड्यांत तेवढे मिळतीलच असें नाहीं. अशा ठिकाणीं ८ किंवा १० वर आणून ठेवावें व सकाळपर्यंत स्वस्थ निजावें. कांहीं चार्जरांच्या प्लगांतच उष्णता ओळखणारें एक बारीक इंद्रिय बसविलेलें असतें. प्लग तापला कीं तें प्रवाह उतरवितें किंवा तोडतें. ह्यास दोन पैसे अधिक पडले तरी द्यावे. लहान ६ अँपिअरांच्या सॉकेटांत मोठा प्लग बसविण्याची जी अडॅप्टर नांवाची खटपट बाजारांत मिळते, ती आम्ही आमच्या घरांत येऊं देणार नाहीं. ३२ अँपिअरांच्या निळ्या औद्योगिक सॉकेटाचा मोह ज्यांस होतो, त्यांनीं दोन गोष्टी पाहाव्या : मोटारीच्या पोटांतील यंत्र तेवढी वीज घेतें काय, व बिलावर छापलेला 'मंजूर भार' तेवढा आहे काय. जें यंत्र ३३०० वॉटच घेऊं शकतें, त्यापुढें ७ हजारांचें ताट वाढून काय उपयोग?

आमचे कित्येक माजी विद्यार्थी परदेशांत आहेत, म्हणून तिकडचेंहि थोडक्यांत सांगतों. विलायतेंत १९४७ पासूनच्या पद्धतीचा चौकोनी टोकांचा प्लग १३ अँपिअरांचा असून त्याच्या पोटांत वितळतार असते. मोटारीचे तेथील प्लगाचे चार्जर बहुधा १० अँपिअरांवरच ठेवितात. येथून नेलेला १५ अँपिअरांचा चार्जर तेथें मधला जोड लावून चालविला, तर वितळतार तापत राहील. अमेरिकेंत साध्या सॉकेटाचा दाबच १२० व्होल्ट. १५ अँपिअरांच्या सॉकेटांतून दीर्घकाळ १२ च ओढावे असा तेथील दंडक आहे, म्हणजे १४४० वॉट, आपल्या लहान सॉकेटाहून थोडे अधिक. म्हणून तेथें पुष्कळ लोक कपडे वाळविण्याच्या यंत्राचें २४० व्होल्टांचें सॉकेट ह्या कामीं लावतात.

राहिली अर्थिंगची गोष्ट, आणि ती आम्हीं मुद्दाम मागें ठेविली. गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही कोंकणांत आमच्या मामांच्या घरीं विजेच्या मोटारीनें गेलों. पडवींत विहिरीच्या पंपासाठीं घेतलेला पॉवर प्लग होता. त्यांत चार्जर बसवितांच पेटीवरचा दिवा लाल झाला, व मोटार कांहीं वीज घेईना. गांवचा वायरमन आला. त्यानें सॉकेट उघडून पाहिलें व म्हणाला, "साहेब, अर्थिंगच नाहीं. पण चिंता नको. आंतल्या आंत एक तार टाकतों, लगेच दिवा हिरवा होईल." मामा खूष झाले. "मग टाका कीं! मुलांना उद्यां गणपतीपुळ्यास जावयाचें आहे."

तो जी तार टाकणार होता, ती न्यूट्रलच्या टोकापासून अर्थिंगच्या टोकापर्यंत. ही युक्ति ठिकठिकाणीं चालते असें आम्हीं ऐकून होतों. पेटी बिचारी फसते. तिला जमीन मिळाल्याचा भास होतो. परंतु मोटार रबरी चाकांवर, जमिनीपासून अलग उभी असते, आणि तिची लोखंडी काया अर्थिंगच्याच टोकाला जोडलेली असते. उद्यां घरांतील न्यूट्रलची तार कोठें सुटली किंवा उंदरानें कुरतडली, तर फेजची वीज एखाद्या चालू दिव्यातून किंवा पंख्यातून न्यूट्रलमध्यें येते, तेथून ह्या युक्तीच्या तारेनें अर्थिंगच्या टोकास, आणि तेथून मोटारीच्या दारापर्यंत पोंचते. पहांटे दंवानें भिजलेल्या अंगणांत अनवाणी पायांनीं कोणी त्या दाराला हात लावला, तर जमिनीची वाट त्याच्या अंगांतूनच पुरी होईल. आणि ती तार सॉकेटाच्या पाठीमागें लपलेली असल्यामुळें, घर विकलें गेलें तरी पुढच्या धन्यास तिचा पत्ता लागावयाचा नाहीं.

आम्हीं मामांस इतकेंच सांगितलें कीं, दारापाशीं प्रथम जाईल ती धाकटी शकू. मामा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग वायरमनला म्हणाले, "खड्डा खणावयास काय लागतें तें सांग." वायरमन वाईट मनुष्य नव्हता; त्यास झटपट काम करून देण्याची संवय लागलेली, इतकेंच. त्यानें आनंदानें यादी दिली. विहिरीजवळच्या ओलाव्याच्या जागीं खड्डा घेतला, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला नळ उभा पुरला, भोंवतीं कोळसा व मीठ थराथरानें घातलें, आणि तेथून जाड तार पडवीपर्यंत व मीटरपर्यंत आणली. पंपाची कायाहि त्याच तारेस जोडली. सैल झालेलें सॉकेट काढून नवें बसविलें. ह्यांत दीड दिवस गेला, व गणपतीपुळें एक दिवस लांबलें. मुलें रुसलीं, ती गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं चार्जर पुन्हां लावला. दिवा हिरवा झाला. आम्हीं पेटी १० अँपिअरांवर ठेविली, अर्ध्या तासानें प्लगाला हाताचा पालथा पंजा लावून पाहिला. तो जेमतेम कोमट होता. मुलें पंपावर पाय धुवावयास गेलीं. मामी तेथेंच भांडीं घांसत होत्या. त्यांनीं पंपाच्या लोखंडाला ओला हात लावला, काढला, पुन्हां लावला, आणि मामांकडे पाहून म्हणाल्या, "अहो, ह्याला हात लावला कीं रोज मुंग्या येत असत, त्या आज येत नाहींत."