मनरोव्हिल : कादंबरीतले कोर्ट आणि खरे कोर्ट

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या दक्षिण भागात, मोबील आणि माँटगोमेरी या शहरांच्या दरम्यान, मनरोव्हिल नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती जेमतेम सहा हजार. पण मनरो काउंटीचा कारभार इथून चालतो. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखेच हे ठाणे : मधोमध चौक, चौकात कोर्ट, कोर्टाभोवती दुकाने आणि वकिलांची कार्यालये.

हा मान मुळात मनरोव्हिलचा नव्हता. अलाबामा नदीकाठचे क्लेबर्न हे तेव्हाचे भरभराटीचे बंदर. कापसाच्या गासड्या तिथून आगबोटींनी मोबीलला जात. फ्रान्सचा सेनानी लाफायेत १८२५ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा क्लेबर्नला थांबला होता. १८३२ मध्ये काउंटीचे ठाणे आतल्या भागात, मनरोव्हिलला हलले. पुढे साथीचे रोग, यादवी युद्ध आणि दुसरीकडून गेलेला लोहमार्ग यांनी क्लेबर्न ओस पडले. लाफायेतचे स्वागत झालेली इमारत तिथून उचलून जवळच्या पर्ड्यू हिलला नेली, ती अजून उभी आहे.

मनरोव्हिलला जगभरातून माणसे येतात ती मात्र कोर्ट पाहायला. घड्याळाच्या मनोऱ्याची ही विटांची इमारत १९०३ ची. १९६३ मध्ये शेजारीच नवे कोर्ट बांधल्यावर जुन्यातले कामकाज थांबले. आता तिथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरची न्यायदालनाची खोली चौकोनी नाही, अंडाकृती आहे. तिला बाल्कनी आहे. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना तिथेच बसावे लागे. तिथल्या बाकावर बसून खाली पाहिले की न्यायाधीशाचे आसन, साक्षीदाराची खुर्ची, ज्यूरीची जागा असे सगळे एका नजरेत येते. गावातले वकील ए. सी. ली यांची धाकटी मुलगी वडिलांचे काम पाहायला इथे येत असे. तिचे नाव नेल हार्पर ली.

तिची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळाले. खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या माणसाचे वकीलपत्र घेणारा गोरा वकील अ‍ॅटिकस फिंच वाचकांना ठाऊक आहेच. ए. सी. ली यांनीही १९१९ मध्ये दोन काळ्या आरोपींचा बचाव केला होता. दोघेही फासावर गेले. १९६२ च्या चित्रपटासाठी हॉलिवूडच्या कलादिग्दर्शकाने इथे येऊन मापे घेतली आणि हे दालन स्टुडिओत हुबेहूब उभारले.

कादंबरीतला डिल म्हणजे शेजारच्या घरात नातेवाइकांकडे राहणारा ट्रुमन कपोटी, पुढे स्वतःही मोठा लेखक झालेला. दोन्ही घरे आज नाहीत. लींच्या जागी बर्गर-आइस्क्रीमची टपरी उभी राहिली. कपोटीच्या बाजूला दगडी भिंतीचा तुकडा उरला आहे.

वसंत ऋतूत जमेल तर नाटकासाठी जावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावकरी ही कथा स्वतः रंगवतात. पहिला अंक कोर्टाच्या आवारात उघड्यावर होतो, खटल्याचा अंक आत न्यायदालनात. ज्यूरी प्रेक्षकांतून निवडतात, आणि कथेच्या काळाला धरून बारा गोरे पुरुष बसवण्याची इथली रीत. पाहायला आलेल्या माणसावर अन्यायाच्या निकालाला साथ देण्याची वेळ आणणारे दुसरे नाटक माझ्या तरी माहितीत नाही.

पण या गावचा दुसरा खटला कल्पित नाही. १९८६ मध्ये इथल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तरुणीचा खून झाला. लाकूडतोडीचा धंदा करणारा वॉल्टर मॅकमिलियन हा काळा माणूस पुढच्या वर्षी पकडला गेला. खुनाच्या वेळी तो घरी होता, असे सांगणारे अनेक साक्षीदार होते. खटला शेजारच्या काउंटीत चालला आणि दीड दिवसात संपला. ज्यूरीने जन्मठेपेची शिफारस केली. न्यायाधीशांनी ती डावलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हनसन या वकिलाने खोट्या साक्षी उघड केल्या आणि १९९३ मध्ये मॅकमिलियन सुटला. सहा वर्षे त्याने फाशीच्या कोठडीत काढली. त्याच काळात त्याचे गाव अ‍ॅटिकसला नाटकातून रंगमंचावर आणत होते.

मला वाटते, मनरोव्हिल पाहायचे ते या दोन्ही खटल्यांसह. हार्पर ली याच गावात २०१६ मध्ये वारल्या आणि इथेच दफन झाल्या. त्यांच्या कबरीवर फुले वाहून परतणाऱ्यांना गावाची निम्मीच ओळख होते. मनरोव्हिलहून गाडीने दोनेक तासांवर माँटगोमेरी आहे. झुंडीने ठार मारलेल्या काळ्या माणसांचे स्मारक स्टीव्हनसन यांच्या संस्थेने २०१८ मध्ये तिथे खुले केले. त्यात आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत, अशा हत्या घडलेल्या प्रत्येक काउंटीचा एक. नाटकाचे तिकीट मिळो न मिळो, तिथे जाऊन मगच परतीची वाट धरा.