गाठीतील नक्षी : घरच्या घरी शिबोरीचे प्रयोग

कापड रंगविणे म्हणजे कापडाला रंग लावणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जपानमधील शिबोरी या रंगकामाचे सूत्र मात्र याच्या नेमके उलट आहे. कापडाच्या कोणत्या भागाला रंग लागू द्यावयाचा नाही, हे येथे आधी ठरविले जाते. त्यासाठी कापड दोऱ्याने बांधतात, टाके घालून आवळतात अथवा घड्या घालून फळ्यांमध्ये दाबतात आणि मग रंगात बुडवितात. पिळणे, आवळणे या अर्थाच्या जपानी क्रियापदावरूनच 'शिबोरी' हे नाव आले आहे. गाठी सोडल्यावर झाकलेला भाग मूळच्या रंगाचा राहतो आणि त्याच्या कडांशी रंग किंचित झिरपलेला दिसतो.

भारतीयांना ही कल्पना नवी नाही. गुजरात व राजस्थानातील बांधणी ही याच कुळातील कला होय. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीचे वर्णन करताना अशा बांधून रंगविलेल्या वस्त्रांचा उल्लेख आलेला आहे.

आरिमात्सूची परंपरा

आज नागोया शहराचा भाग असलेले आरिमात्सू हे गाव 1608 मध्ये तोकाइदो या राजमार्गावर वसविण्यात आले. केवळ शेतीवर निर्वाह होणे तेथे कठीण होते. नागोयाच्या किल्ल्याच्या बांधकामासाठी बुंगो प्रांतातून आलेल्या लोकांजवळचे बांधून रंगविलेले कापड पाहून ताकेदा शोकुरो याने गावात हा व्यवसाय सुरू केला, असे सांगितले जाते. मार्गावरील वाटसरू येथील सुती पंचे विकत घेऊ लागले आणि गावाचा लौकिक वाढला. 1784 च्या भीषण आगीनंतरही गाव पुन्हा उभे राहिले. 1975 मध्ये जपान सरकारने या कलेला पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून मान्यता दिली.

आरिमात्सूत शंभराहून अधिक पद्धती विकसित झाल्या. परंतु एका कारागिराने बहुधा एकच पद्धत आयुष्यभर करावयाची आणि ती घरातच पुढे द्यावयाची, असा तेथील प्रघात होता. त्यामुळे हात तरबेज झाले; पण ज्या घरी पुढे कोणी शिकले नाही, तेथील पद्धत त्या हाताबरोबरच संपली. घरी प्रयोग करणाऱ्यांनी यापासून एक बोध घ्यावयास हवा. त्याचा विचार शेवटी केला आहे.

आरंभी तीन पद्धती

पहिली 'कुमो', म्हणजे कोळी. कापड चिमटीत वर उचलून त्यावर खालपासून टोकापर्यंत घट्ट दोरा गुंडाळतात. सोडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळ उमटते.

दुसरी 'इताजिमे'. कागदी पंख्याप्रमाणे उलटसुलट घड्या घालून कापडाची पट्टी करतात, तिची पुन्हा चौकोनी किंवा त्रिकोणी गुंडी करतात आणि ती दोन सारख्या फळ्यांमध्ये दोरीने आवळतात. फळीखालील भाग कोरा राहतो.

तिसरी 'अराशी', म्हणजे वादळ. सुझुकी कानेझो याने 1880 मध्ये ती आरिमात्सूत प्रचारात आणली. लांब खांबाभोवती कापड गुंडाळून त्यावर दोरा ओढतात व कापड एका बाजूस सरकवून त्याच्या चुण्या दाबतात. वाऱ्याने तिरप्या झालेल्या पावसासारख्या रेषा उमटतात. घरी प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा खांबाचे काम करू शकतो.

रंगाचे प्रमाण

कापड शुद्ध सुती असावे. मांजरपाट चालते; मात्र त्याची खळ गरम पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण काढावी, अन्यथा रंग डागाडागांनी बसतो. पॉलिएस्टरवर हे रंग चढत नाहीत. बांधलेले कापड आधी साध्या पाण्यात भिजवून हलके पिळून घ्यावे.

गरम न करता वापरता येणारे 'रिॲक्टिव्ह' रंग 1956 मध्ये बाजारात आले. घरगुती कामास हे शीत रंग सोयीचे आहेत. 100 ग्रॅम कोरड्या कापडास 2 लिटर कोमट पाणी, 3 ग्रॅम रंग, 100 ग्रॅम मीठ आणि 30 ग्रॅम धुण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी हे प्रमाण आरंभी योग्य ठरते. रंग व मीठ विरघळलेल्या पाण्यात कापड अर्धा तास ठेवावे. नंतर कापड बाजूस काढून, वेगळ्या पाण्यात विरघळविलेला सोडा त्यात मिसळावा आणि कापड आणखी एक तास बुडवून ठेवावे.

मिठामुळे रंग धाग्याकडे ओढला जातो आणि सोड्यामुळे तो धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो. सोडा विसरल्यास पहिल्याच धुण्यात बहुतेक रंग निघून जातो. सोडा मिसळलेला रंग पाण्याशीही क्रिया करतो. म्हणून उरलेला द्रव दुसऱ्या दिवशी निरुपयोगी असतो. गाठी सोडण्यापूर्वी कापड थंड पाण्यात खळबळावे, मग गाठी सोडून गरम साबणाच्या पाण्यात धुवावे.

आवश्यक दक्षता

रंगाची भुकटी श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो. ती प्रौढ व्यक्तीनेच, नाकातोंडावर पट्टी व हातात रबरी मोजे घालून, वारा नसलेल्या जागी कालवावी. शाळेत मुलांना बांधण्याचे व सोडण्याचे काम द्यावे, भुकटी देऊ नये. रंगासाठी एकदा वापरलेले पातेले व चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. सांडपाणी विहीर, ओढा, गुरांचा हौद आणि भाजीचे वाफे यांपासून दूर न्यावे, कारण त्यातील मीठ व सोडा जमिनीस अपाय करतात. एखाद्या महिला मंडळाने रंगकाम व्यवसाय म्हणून आरंभिल्यास या पाण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने पहिले कापड भिजण्यापूर्वीच पाहिलेली बरी.

नोंदवहीचे महत्त्व

पहिले प्रयोग वीतभर तुकड्यांवर करावेत आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी : कधी घडी, कधी दोऱ्याचा ताण, कधी वेळ. रंगविलेला तुकडा वहीत चिकटवून त्याशेजारी कापडाचा प्रकार, घडीची आकृती, वजने व वेळ लिहावी. बिघडलेला तुकडाही टाकून देऊ नये. दोरा कोठे सैल पडला, हे तोच सांगतो.

बांधलेल्या दोऱ्याचा ताण शब्दांत पूर्णपणे उतरत नाही, हे खरे. तथापि आरिमात्सूतील जी पद्धत एकाच हातात राहिली, ती त्या हाताबरोबर गेली. शिक्षकाने किंवा गृहिणीने ठेवलेली साधी वही दुसऱ्याला निदान पहिल्या गाठीपर्यंत नेऊन पोहोचवू शकते. पुढचे त्याचे हात शिकतील.