न वाचलेल्या पुस्तकाला किती स्टार?

मंगळवार, १२ सप्टेंबर २०१७. हिलरी क्लिंटन यांचं ‘व्हॉट हॅपन्ड’ हे पुस्तक त्या दिवशी अमेरिकेत बाजारात आलं. आदल्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून आपण कशा हरलो, याची ही त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत. पुस्तक जवळपास पाचशे पानांचं, मन लावून वाचायचं तर दोन-तीन दिवस तरी घेणारं. पण दुसऱ्याच दिवशी ॲमेझॉनवर त्याखाली दीड हजारांहून अधिक अभिप्राय जमा झाले होते. काही पाच स्टार देणारे, काही एकच स्टार देणारे. दोन, तीन, चार स्टार देणारे शोधावे लागत होते.

‘क्वार्ट्झ’ या वृत्तसंस्थळाने, ऑनलाइन अभिप्रायांची छाननी करणाऱ्या ‘रिव्ह्यूमेटा’च्या आकडेवारीच्या आधारे, या गर्दीची मोजणी मांडली. १,६६९ अभिप्रायांपैकी फक्त ३३८ जणांनी पुस्तक ॲमेझॉनवरून विकत घेतल्याची नोंद होती, म्हणजे पाचांत एक. ॲमेझॉनने मग शेकडो अभिप्राय काढून टाकले. तीन-सव्वातीनच्या घरातलं रेटिंग पाहता पाहता ४.९ वर गेलं. हे पुस्तक काढणाऱ्या सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेच्या जोनाथन कार्प यांचं म्हणणं साधं होतं: एका रात्रीत पंधराशे माणसं हे पुस्तक वाचून काढतात आणि ते एकतर अप्रतिम नाहीतर भिकार आहे अशा टोकाला पोहोचतात, हे संभवत नाही.

मग ही माणसं काय करत होती? ती पुन्हा एकदा मतदान करत होती. २०१६ मध्ये क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मतं पडली होती, तरी राज्यवार निर्वाचक मंडळाच्या पद्धतीमुळे अध्यक्षपद ट्रम्प यांना मिळालं. एका बाजूला हिरावल्याची भावना, दुसऱ्या बाजूला ‘हरूनही या बोलायच्या थांबत नाहीत’ असा राग. वर्ष उलटत आलं तरी जखम ओली होती. पुस्तकाखालची पाच स्टारची रांग ही दोघांनाही मतपत्रिकेसारखी दिसली. दोष एकाच बाजूचा नव्हता, हे नीट लक्षात घ्यायला हवं. न वाचता शिवी देणारा आणि न वाचता ओवाळणारा, दोघेही वाचकाची सारखीच फसवणूक करतात.

यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. पन्नास जणांनी पाच आणि पन्नास जणांनी एक स्टार दिला, तर सरासरी येते तीन. तीन स्टार पाहून आपण म्हणतो, ‘पुस्तक बरं दिसतंय.’ पण बरं असं शंभरातल्या एकानेही म्हटलेलं नसतं! तसे राजकारण नसलेल्या वस्तूंचेही अभिप्राय टोकांनाच जास्त साठतात, कारण ज्याला वस्तू ठीकठाक वाटली तो लिहायच्या भानगडीत पडत नाही. खूश झालेला लिहितो, चिडलेला लिहितो. राजकीय पुस्तकाच्या बाबतीत ही टोकं आणखी फुगतात.

ॲमेझॉनची चाळणी होती खरेदीच्या नोंदीची. ती समजण्यासारखी आहे, पण पुरेशी नाही. विकत घेणं म्हणजे वाचणं नव्हे. उलट, ज्याने पुस्तक ग्रंथालयातून आणलं, मित्राकडून मागून घेतलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख पैसे देऊन घेतलं, तो शेवटच्या पानापर्यंत वाचूनही या चाळणीत संशयित ठरतो. सार्वजनिक वाचनालयातली एकच प्रत वीस घरांत फिरते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय पहिल्या दिवशी क्लिंटन यांचं पुस्तक पैसे मोजून घेणारे कोण असणार? बहुतेक त्यांचे चाहतेच. त्यामुळे चाळणीनंतरचा ४.९ हा आकडाही पुस्तकाबद्दल फारसं काही सांगत नव्हता. आधीचा आकडा भांडणाचा होता, नंतरचा आकडा प्रेमाचा होता.

जिथे खरेदीचीही अट नाही, तिथे पुस्तक जन्माला येण्याआधीच निकाल लागतो. जून २०२३ मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी ‘द स्नो फॉरेस्ट’ या आगामी कादंबरीची घोषणा केली. विसाव्या शतकातल्या सायबेरियात, सोव्हिएत राजवटीपासून दूर जंगलात राहणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट. रशियाने युक्रेनवर लादलेलं युद्ध सुरू असताना रशियात घडणारी कथा यावी, याचं अनेक युक्रेनी वाचकांना दुःख झालं. ते दुःख खरं होतं, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण ते व्यक्त झालं ‘गुडरीड्स’ या वाचकांच्या संस्थळावर, पाचशेहून अधिक एक-स्टारांच्या रूपात. कादंबरी प्रसिद्ध व्हायला अजून आठ महिने होते. काही दिवसांतच गिल्बर्ट यांनी प्रकाशन थांबवलं. पुस्तकात सोव्हिएत सत्तेविषयी काय म्हटलं होतं, हे स्टार देणाऱ्यांपैकी कोणाला कळायची सोयच उरली नाही.

सरकारं आता नियम करू लागली आहेत. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, तेव्हा ते ऐच्छिक ठेवलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. पैसे घेऊन लिहिणारे त्यात सापडतील. पण क्लिंटन यांच्या पुस्तकाखाली जमलेल्या गर्दीला कोणी पैसे दिले असावेत असं समजायचं कारण नाही. बहुतेकांचा राग आणि प्रेम अस्सल असावं. पुस्तक मात्र त्यांनी उघडलं नव्हतं, आणि याला कायद्यात कलम नाही.

जहाल टीका मराठीला नवी नाही. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी महात्मा फुल्यांच्या लेखनावर, अगदी त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावरही कठोर हल्ला चढवला. ती टीका अन्यायाची होती, असं मला वाटतं. पण फुल्यांचे ग्रंथ आणि ती टीका आज शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात आणि कोणाचं कुठे चुकलं हे प्रत्येक पिढीला नव्याने तपासता येतं. स्टारच्या आकड्याशी असा वाद घालता येत नाही. त्यात मुद्दा नसतो, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

म्हणून वादग्रस्त पुस्तक घेण्याआधी सरासरीकडे पाहू नका. प्रत्येक स्टारपुढची पट्टी पाहा. दोन्ही टोकं फुगलेली आणि मधला भाग रिकामा असेल, तर तिथे पुस्तकापेक्षा भांडण मोठं आहे. तारखा पाहा, एकाच दिवसात लोंढा आला आहे का? मग दोन, तीन आणि चार स्टारवाले अभिप्राय आधी वाचा. त्यात एखादं प्रकरण, एखादा प्रसंग, लेखकाने टाळलेला एखादा प्रश्न नेमका सांगितला आहे का ते बघा. आणि आपण स्वतः स्टार द्यायला बसू, तेव्हा पुस्तक वाचून झालेलं असावं. राग आलाच असेल तर लिहायला वर्तमानपत्रं आहेत, सभा आहेत, मतपेटी आहे.

‘व्हॉट हॅपन्ड’बद्दल मला दोन माणसांचं मत वाचायला आवडेल. एक, ट्रम्प यांना मत देऊनही ती पाचशे पानं संपवलेला. दुसरा, क्लिंटन यांना मत देऊनही ‘इथे बाईंनी स्वतःला सहज माफ केलं’ असं एखाद्या पानावर बोट ठेवून सांगणारा. दीड हजारांच्या त्या गर्दीत असे दोघे कदाचित होतेही. त्यांचा आवाज ऐकू आला नाही, आणि वाचक म्हणून आपलं खरं नुकसान तेच झालं.