पाण्याआधीची वाळू

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर डिसेंबरात राज्यभरातून मुलं सागरी जलतरण स्पर्धेला येतात. दिव्यांगांचाही गट असतो. मी पोहायला शिकवते. अशा स्पर्धेबद्दल कोणी सल्ला विचारला, की मी आधी बोलते ते रस्ता आणि पाणी यांच्या मधल्या वाळूबद्दल.

पाय अधू असलेलं मूल पाण्यात छान तरंगतं. अडतं ते कोरड्या वाळूत. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं लगेच रुततात, मग चौघं जण खुर्चीसकट उचलून नेतात आणि पोहायला आलेल्या मुलाला सगळ्यांदेखत अवघडल्यासारखं होतं. ओली वाळू मात्र टणक असते. म्हणून तारीख ठरवताना तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दशमी-एकादशीला सकाळी आठच्या सुमारास पाणी वर आलेलं असतं, त्यामुळे अंतर कमी होतं; भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस जवळ असल्याने उधाणाची ओढही नसते. उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर काथ्याचं मॅटिंग अंथरा. ते गुंडाळून ठेवता येतं, हे महत्त्वाचं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२मध्ये कायमस्वरूपी लाकडी रॅम्प झाला, आणि डिसेंबरातल्या मंदौस वादळात तो मोडला. रॅम्प हवाच, पण समुद्राशी हुज्जत घालणारा नको.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर झेंडा हलवा. दृष्टिहीन मुलाच्या बाजूने एक माणूस पोहू दे, किंवा कयाकमधून सतत आवाज देत राहू दे. स्वमग्न मुलांसाठी सुरुवातीला डीजे बंद ठेवा. लाटांपेक्षा भोंग्यालाच ती जास्त बिचकतात. मुंबईची स्वमग्न मुलगी जिया राय २०२१मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाहीच.

आता किनाऱ्यावरच्या माणसांबद्दल. आमच्याकडे रापण लागते. भल्यामोठ्या जाळ्याचे दोर धरून सगळे मिळून ओढतात, त्यावर कितीतरी घरांची चूल चालते. स्पर्धेची तारीख रापणकरांना बॅनरवरून कळत असेल, तर त्यांनी रागावू नये असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? तारीख त्यांच्यासोबत बसून ठरवा. सुरक्षेच्या होड्या त्यांच्याच घ्या. प्रवाह कुठे फिरतो ते त्यांना माहीत असतं.

आणि त्यांची मुलं? ती समुद्रात वाढलेली, पण ऑनलाइन फॉर्म आणि प्रवेश फी यांच्यापाशी थांबलेली. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने गावातल्या पोरांना सर्फिंग शिकवलं. अटी दोनच होत्या: शाळा बुडवायची नाही, दारू-सिगारेटला हात लावायचा नाही. तिथे २०१३पासून सर्फिंगचा महोत्सव भरू लागला. गावचीच पोरं लाटेवर उभी असलेली बघितली, की तो सोहळा पाहुण्यांचा राहत नाही.

मच्छीमारवस्तीतल्या मुली मात्र अजूनही काठावरच दिसतात. त्यांच्या आयांशी बोलले, तेव्हा बुडण्याची भीती कुणी फारशी बोलून दाखवली नाही. विचारलं ते एवढंच, "बाई, कपडे खंय बदलूचे?" स्टेज आणि मंडपाचा खर्च धरण्याआधी कपडे बदलायच्या खोल्यांचा धरा. दाराला आतून कडी, अंग धुवायला गोडं पाणी, आणि त्यातली एक खोली तरी व्हीलचेअर आत वळेल एवढी.